पाच बैठकांचा उपचार

महोदय,

युद्धावरून परतलेला माणूस रात्री दचकून उठतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘होईल हळूहळू ठीक.’ पुष्कळदा होत नाही. या आघातोत्तर तणावावर बोलण्यातून होणारे उपचार लागू पडतात. पण महिनोन्महिने चालणारे उपचार अनेक माजी सैनिक अर्ध्यावरच सोडतात. म्हणून ‘रिटन एक्स्पोजर थेरपी’ मला फार मोलाची वाटते. बैठका फक्त 5. दर वेळी मनावर आघात करणाऱ्या त्याच प्रसंगाबद्दल अर्धा तास लिहायचं, मग थेरपिस्टशी थोडं बोलायचं. गृहपाठ नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांवरच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती दीर्घ उपचारापेक्षा कमी ठरली नाही; मध्येच सोडणारेही कमी होते. जखम पुन्हा उघडणं क्रूर वाटतं, मान्य; पण टाळत राहिल्यानेच भीती मुरते. माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ही सोय तातडीने हवी.

– एका माजी सैनिकाची मुलगी