मीठ मोजूनच घाल

पेडणे, 12 जानेवारी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

गच्चीवरच्या कुंड्यांतले मुळे सगळे एकदमच तयार झाले म्हणालीस. इथे आमच्या वायंगणात, म्हणजे हिवाळी पिकाच्या शेतातही, तेच. रोज मुळ्याची भाजी किती खाणार? म्हणून मी तो मिठाच्या पाण्यात आंबवतो, ते कसं ते सविस्तर लिहितो. फोनवर अर्धं राहून जातं.

आजीचे चेपणीचे तोर तुला आठवत असतील. कोवळ्या कैऱ्या, खडेमीठ आणि वर ओझ्याला नदीतला गुळगुळीत दगड. तिने मीठ कधी मोजलं नाही, ओंजळीने घालायची. गेल्या वर्षी मीही मुळ्याची पहिली बरणी तशीच अंदाजाने लावली आणि पाचव्या दिवशी माडाच्या आळ्यात ओतली. वर तरंगणाऱ्या पाल्यावर हिरवी लव आली होती. तोरांत मीठच एवढं असतं की थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. मुळ्याला मीठ थोडकंच लागतं. ते कुजवणाऱ्या जंतूंना अडवून धरतं, तेवढ्यात मुळ्याच्या सालीवरचे लॅक्टिक आम्ल करणारे जंतू जोर धरतात. पुढे टिकवायचं काम त्या आम्लाचं. म्हणून वजनकाटा हवाच, चमच्यावर जाऊ नकोस. खडेमिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो.

पहिल्यांदा एकच बरणी लाव, काचेची, लिटरभराची. मुळे माती जाईपर्यंत धू, पण साल काढू नकोस. पाला बाजूला काढून मुळ्यांचे बोटाएवढे तुकडे कर. 300 ग्रॅम मुळा, 300 ग्रॅम पाणी, दोन्ही मिळून 600 ग्रॅम. त्याच्या 3 टक्के म्हणजे 18 ग्रॅम मीठ. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा ते उकळून पुरतं गार करून घे, त्यात मीठ विरघळव आणि बरणीतल्या तुकड्यांवर ओत. चार तिरफळं आणि एक खोलची (गोव्यातल्या खोल गावची) मिरची टाक. वर बोट-दोन बोटं जागा सोड.

आता दगडाचं काम. तुकडा पाण्याबाहेर आला की त्याला हवा लागते आणि बुरशी तिथूनच धरते. बरणीच्या तोंडातून आत जाईल अशी छोटी काचेची वाटी वर दाबून ठेव. झाकण घट्ट आवळू नकोस, आत वायू धरतो. खाली ताटली ठेव, पाणी उतू जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे दिसतील, पाणी गढुळेल. मुळ्याचा वास उग्र येतो, त्याला घाबरू नकोस. पाण्यावर पांढरी, सपाट साय धरली तर चमच्याने काढून टाक. मात्र हिरवी, काळी किंवा गुलाबी लव दिसली किंवा तुकडे बुळबुळीत झाले, तर बरणीच रिकामी कर. वरवर काढून खाऊ नकोस, एवढं माझं ऐक.

इथल्या उकाड्यात चौथ्या दिवशी आंबट होतो. पुण्यात सध्या थंडी आहे, तुला आठवडा लागेल. स्वच्छ चमच्याने रोज एक तुकडा काढून चाखत जा, आणि आंबटपणा जिभेला पटला की बरणी फ्रीजमध्ये ठेव. तिथे आंबणं मंदावतं, महिनाभर तरी सहज पुरेल.

आई आता सकाळच्या पेजेबरोबर हाच मुळा मागते. परवा तिने त्याचं पाणी चमचाभर डाळीत घातलं, मला तर कोकमाहून आवडलं. रक्तदाबामुळे मी दोन तुकड्यांवर थांबतो.

शेजारचा मुलगा रविवारी पुण्याला निघालाय. त्याच्याकडे आगरवाड्याच्या मिठागरातलं किलोभर मीठ आणि खोलच्या मिरच्या देतो. बरणी लावलीस की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन कर आणि पाण्याचा रंग सांग.

तुझे बाबा