वस्त्यांचा नकाशा विद्यार्थ्यांनीच काढावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरच्या देशांच्या राजधान्या घडाघडा सांगणारे विद्यार्थी, आपल्याच प्रदेशात कोणकोणते समाज राहतात, ते नेमके कुठे वसले आहेत आणि तिथेच का वसले, असे विचारले की गप्प होतात. हा दोष मुलांचा नसून तयार नकाशावर नावे भरून घेण्याच्या आपल्या पद्धतीचा आहे.

स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांनी १८९२ मध्ये एडिनबर्ग येथील एक मनोरा घेऊन त्याचे ‘आउटलुक टॉवर’ हे शैक्षणिक संग्रहालय केले. माथ्यावरून आधी भोवतालचे शहर पाहायचे आणि मग एकेक मजला उतरत देश, खंड व जग समजून घ्यायचे, अशी तिथली रचना होती. स्थळ, काम आणि लोक यांचा एकत्र विचार करावा, हा त्यांचा आग्रह होता. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांनी देशभरातील जमीनवापराची पाहणी केली, तीही मुख्यतः शाळांतील विद्यार्थी व शिक्षक यांच्या मदतीने. ती माहिती पुढे युद्धकाळात शेतीच्या नियोजनासाठी उपयोगी पडली. मुलांच्या हातून गंभीर काम होत नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही.

छापील नकाशाच्या मर्यादाही मुलांना कळल्या पाहिजेत. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर; तिथे एखादी लहान वस्ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांत मावते. हंगामानुसार फिरणारे मेंढपाळ किंवा बांधकामाच्या जागी तात्पुरते राहणारे मजूर यांचा तर त्यावर मागमूसही नसतो. म्हणून मोठ्या प्रमाणाचा कोरा आराखडा घेऊन विद्यार्थ्यांनी पायी फिरावे, पाणवठा, नदीचा उतार, खाण, रेल्वेचा फाटा यांच्याशी वस्तीचे नाते शोधावे आणि कोणता समाज वर्षाच्या कोणत्या महिन्यांत कुठे असतो, हेही नोंदवावे.

मात्र माणसे ही पाहण्याची वस्तू नव्हेत. परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्या दारात वही उघडू नये, घरांवर जातीची वा धर्माची लेबले लावू नयेत आणि लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात तेच नाव लिहावे. हा भाग शिक्षकांनी फार काळजीने शिकवायला हवा, कारण इथे चूक झाली तर ओळख वाढण्याऐवजी पूर्वग्रहच पक्के होतील.

शिक्षण विभागाने अशा पाहणीसाठी वेळापत्रकात स्वतंत्र तासिका द्याव्यात, ही माझी विनंती आहे. तयार झालेला नकाशा त्या त्या वस्तीतील लोकांना दाखवावा, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या विद्यार्थ्यांनी कराव्यात आणि त्यानंतरच त्याचे मूल्यमापन व्हावे.

आपला विश्वासू,
एक शिक्षक