लाइव्ह प्रक्षेपण दर मिनिटाला अडकल्याबद्दल आणि चुकीच्या बिलाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : शिळी प्लेलिस्ट (व्हिडिओच्या ताज्या तुकड्यांची यादी) दिल्याने खंडित झालेले प्रक्षेपण व डेटाची जादा आकारणी

महोदय,

आमच्या संस्थेच्या गायन मैफलीचे थेट प्रक्षेपण आपल्या सेवेवरून झाले. प्रेक्षकांना जेमतेम अर्धा मिनिट चित्र दिसे, मग चक्र फिरत राही आणि गाणे सुरू होई ते थेट पुढच्या आवर्तनात. मुखडा ऐकू आला, सम गेली, अशी गत.

'तुमचे इंटरनेट तपासा' हे आपल्या सपोर्टचे उत्तर आम्हाला मान्य नाही. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून 1080पी, 6000 केबीपीएस, दर 2 सेकंदांनी कीफ्रेम (पूर्ण चित्र) असे सिग्नल जात होते. ड्रॉप्ड फ्रेम्स, म्हणजे वाटेत गळालेली चित्रे, शून्य. आपल्या ओरिजिनवर (मूळ सर्व्हरवर) 6 सेकंदांचे सेगमेंट, म्हणजे व्हिडिओचे तुकडे, वेळेवर तयार होत होते. दोष एज सर्व्हरवर, म्हणजे प्रेक्षकाजवळच्या प्रती वाटणाऱ्या सर्व्हरवर, आहे. तिथून येणाऱ्या एम३यू८ फाइलच्या (प्लेलिस्टच्या) हेडरमध्ये मॅक्स-एज 60 (प्रत किती सेकंद वापरायची) आणि एज 47 (प्रत किती सेकंद जुनी आहे) दिसले. त्याच क्षणी ओरिजिनवरचा मीडिया सीक्वेन्स (यादीतल्या पहिल्या सेगमेंटचा) क्रमांक 7 ने पुढे होता.

हिशेब सरळ आहे. प्लेलिस्टमध्ये 5 सेगमेंट, म्हणजे 30 सेकंदांचा मजकूर. तीच फाइल 60 सेकंद वाटली की प्लेअरचा साठा संपतो, आणि नवी फाइल हाती येते तेव्हा मधले 5 सेगमेंट यादीतून निघून गेलेले असतात. सेगमेंट बदलत नाहीत, ते खुशाल तासभर कॅश करा (प्रत साठवून ठेवा). प्लेलिस्ट मात्र 2-3 सेकंदांहून जास्त ठेवू नये. एचएलएस या प्रक्षेपण पद्धतीचे नियम सांगणाऱ्या 2017 च्या आरएफसी 8216 या दस्तऐवजानुसार नवी प्लेलिस्ट टार्गेट ड्युरेशनच्या (सेगमेंटच्या कमाल लांबीच्या) दीडपटीच्या आत, म्हणजे इथे 9 सेकंदांत, उपलब्ध व्हायला हवी. दोन्ही फाइलींना एकच कॅश नियम लावणे ही या धंद्यातली अगदी प्राथमिक चूक आहे.

दुसरी बाब पैशांची. ट्रान्सकोडिंगचे (एकाच व्हिडिओच्या कमी-अधिक दर्जाच्या आवृत्त्या बनवण्याचे) शुल्क आपण चार दर्जांसाठी घेतले. मास्टर प्लेलिस्टमध्ये (उपलब्ध दर्जांच्या यादीत) मात्र एकच, 1080पी, आढळला. मोबाइल डेटावरच्या प्रेक्षकालाही 6 एमबीपीएसच गेले. ताशी माणशी 2.7 जीबी! 480पी, 1.2 एमबीपीएस मिळाले असते तर 0.54 जीबीत भागले असते, शिवाय चित्रही कमी अडकले असते. आपलीच उणीव आपण जीबीच्या दराने आम्हाला विकली आहे.

तरी ट्रान्सकोडिंगचे शुल्क परत करावे, डेटाचे बिल नव्याने काढावे आणि त्या वेळेतील एज लॉग शहरवार द्यावेत. प्लेलिस्टचा कॅश नियम, 404 ('फाइल सापडली नाही') या उत्तराच्या कॅशसह, दुरुस्त करून लेखी कळवावे. पुढील कार्यक्रमाआधी किमान दोन तासांची चाचणी आमच्यासमक्ष व्हावी. तोवर उर्वरित रक्कम रोखून धरली आहे.

कळावे,
तांत्रिक विभाग, आयोजक संस्था

सोबत : हेडरच्या नोंदी, दोन्ही प्लेलिस्टच्या प्रती, ओबीएसचा लॉग