गाडी घेण्याआधी भाडं बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि ट्रकचे फोटो मिळाले. गाडी देखणी आहे, वादच नाही. एअर सस्पेन्शनची सीट, मागे पाठ टेकायला ऐसपैस बंक, आणि दारावर नाव लिहायला रिकामी जागा. तू ती जागा मुद्दाम फोटोत घेतली आहेस, हे मी ओळखलं.

तू पगारावर ड्रायव्हर आहेस त्या कंपनीचा प्रस्ताव दोनदा वाचला. गाडी ते देणार, हप्ता दर महिन्याच्या भाड्यातून कापणार, काही वर्षांनी गाडी तुझ्या नावावर होणार, आणि तोवर माल त्यांचाच वाहायचा. तू विचारलं आहेस, ‘घेऊ का?’ मी म्हणतो, या रीतीने घेऊ नकोस. स्वतःची गाडी असण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः गाडीमालक आहे आणि आता परत कुणाच्या पगारावर जाणं मला अवघड जाईल. पण तुझ्या पत्रातला हिशेब मला पटलेला नाही.

तू मांडलंस ते असं: भाडं, वजा डिझेल, वजा टोल, वजा हप्ता, उरलं ते माझं. आपल्या लाइनीतले सगळेच सुरुवातीला असंच मांडतात. यात तुझा स्वतःचा पगार कुठे आहे? आज कंपनी तुला जे देते तेवढी रक्कम खर्चाच्या पहिल्या ओळीत टाक, कारण उद्या तू आजारी पडलास तर तेवढेच पैसे देऊन दुसरा ड्रायव्हर बसवावा लागेल. त्याखाली टायरचे पैसे टाक. टायर आज नवे असले तरी दर किलोमीटरला थोडे थोडे खर्च होतातच. मग विमा, कर, सर्व्हिसिंग, आणि इंजिनाच्या मोठ्या कामासाठी बाजूला ठेवायची रक्कम. एवढं सगळं वजा करून जे उरेल ती गाडीची कमाई. ती शून्याच्या आसपास येत असेल, तर तू आहेस त्याच पगारावर राहिलास आणि वर कर्ज घेतलंस.

आता मालकाला खरा फायदा कुठे होतो ते सांगतो, कारण तो होतो. समज, गाडी वर्षाला १,००,००० किलोमीटर धावली आणि लिटरला ४ किलोमीटरचं एव्हरेज दिलं, तर २५,००० लिटर डिझेल लागलं. तेच एव्हरेज साडेचारवर नेलंस तर सुमारे २२,२०० लिटरमध्ये भागतं. जवळजवळ २,८०० लिटर वाचले आणि ते पूर्ण तुझे. कंपनीत फार तर बोनस आणि पाठीवर थाप मिळते. आणि हे जमण्यासारखं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ताशी १०-१५ किलोमीटर कमी ठेवले तरी लांबच्या रस्त्यावर फरक दिसतो. टायरमधली हवा रोज बघायची. उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवायचं नाही, मोठं डिझेल इंजिन नुसतं उभ्याउभ्या तासाला ३ लिटरच्या आसपास पितं. तुझा हात हलका आहे, तू हे माझ्यापेक्षा चांगलं करशील.

पण आता दुसरी बाजू बघ. १०० किलोमीटरमागे ३० रिकामे जात असतील, तर उरलेल्या ७० किलोमीटरच्या भाड्यात सगळ्या १०० चा खर्च निघायला हवा, म्हणजे भरलेल्या दर किलोमीटरला खर्चाच्या जवळजवळ १.४३ पट भाडं पाहिजे. रिकामे किलोमीटर १५ वर आणलेस तर १.१८ पट पुरतं. रिकामी गाडी डिझेल थोडं कमी खाते, ते धरूनही या दोन आकड्यांतला फरक तू एव्हरेज वाढवून वाचवशील त्याच्या कितीतरी पुढचा आहे. म्हणजे सगळ्यात मोठा पैसा स्टिअरिंगवर ठरत नाही. परतीचं भाडं मिळतं की नाही, तिथे ठरतो. कंपनीकडे त्यासाठी ऑफिस असतं, चार ठिकाणचे ग्राहक असतात. एकट्या गाडीवाल्याकडे दलालाचा नंबर असतो, आणि माल उतरवून तो जिथे थांबतो त्याच मोकळ्या जागेत आणखी दहा गाडीवाले तोच नंबर फिरवत उभे असतात.

म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न गाडी कुणाच्या नावावर आहे हा नाहीच. माल कुणाच्या हातात आहे, हा आहे. तुझ्या प्रस्तावात माल त्यांचा, दर त्यांनी ठरवलेला, महिन्याला किती किलोमीटर मिळणार हेही त्यांच्याच हातात, आणि हप्ता घेणारेही तेच. मंदी आली की ते तुला फेऱ्या कमी देतील. त्यात त्यांची बदमाशी असेलच असं नाही, माल नसेल तर तेही काय करणार? पण हप्ता कमी होणार नाही. आजवर जो धोका कंपनीच्या डोक्यावर होता तो उचलून तुझ्या डोक्यावर ठेवला जातोय, आणि त्याला मालकी असं गोड नाव दिलंय.

ही भानगड काही फक्त तुझ्या कंपनीपुरती नाही. अमेरिकेत एका ड्रायव्हरचं असंच प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. कंपनीने त्याला कागदावर स्वतंत्र कंत्राटदार केलं आणि गाडी लीजवर दिली. त्याचं म्हणणं होतं की कपाती होता होता कधीकधी हातात काही उरायचं नाही, उलट त्याच्याच नावावर देणं निघायचं. न्यायालयापुढचा मुद्दा तसा तांत्रिक होता, कोर्टात न येता लवादाकडेच जा अशी सक्ती त्याच्यावर करता येते का एवढाच. २०१९ च्या जानेवारीत ८ विरुद्ध ० असा निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे तिथल्या सरकारने गाडी भाड्याने देऊन नावावर करण्याच्या अशा योजना तपासायला एक समिती नेमली. तिने २०२५ च्या जानेवारीत शिफारस केली की या योजनांवर बंदीच घाला. मला वाटतं यातल्या काही योजना सरळही असतील. पण गाडी, माल आणि हप्ता ही तिन्ही टोकं एकाच्याच हातात असली की सरळ माणसालाही वाकडं वागायचा मोह होतो.

याची उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील मी एकांगी लिहितो. कॅलिफोर्नियात कंत्राटदार कोणाला म्हणायचं याचा कायदा कडक झाला आणि तो ट्रकवाल्यांनाही लागू होणार असं दिसलं, तेव्हा २०२२ च्या जुलैमध्ये गाडीमालक ड्रायव्हरांनीच ओकलंड बंदराची फाटकं अडवली होती. त्यांना नोकरदार म्हणवून घ्यायचं नव्हतं. मला ते समजतं. नको ते भाडं नाकारता येणं, आज गाडी काढायची नाही हे आपलं आपण ठरवणं, याची किंमत वहीत मांडता येत नाही. पण नाकारता येण्यासाठी दुसरं भाडं हातात असावं लागतं. तुझ्या करारात तर दुसऱ्याचा माल भरायलाच मनाई दिसते. मग तुला मिळणारं स्वातंत्र्य कोणतं? डिझेल कुठे भरायचं, एवढंच.

तू माल्कम मॅक्लीनचंही उदाहरण दिलंस. खरं आहे, त्याने १९३४ मध्ये एका जुन्या ट्रकवर सुरुवात केली आणि १९५६ मध्ये ५८ कंटेनर जहाजावर चढवून साऱ्या जगाची मालवाहतूक बदलून टाकली. पण गड्या, तो मोठा झाला तो गाडी चांगली चालवून नाही. माल एका गाडीतून उतरवून दुसरीकडे भरण्यात किती वेळ आणि पैसा जातो, हे त्याने हेरलं. त्याचं डोकं सतत मालात होतं.

बाजाराच्या तेजीबद्दल तू लिहिलं आहेस की आत्ताच घ्यायला हवी. तेजीत गाडी घेणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. कोरोनानंतर, २०२१ आणि २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत भाडी कडाडली होती. अनेक ड्रायव्हरांनी पगार सोडून जुन्या गाड्या चढ्या भावाने घेतल्या. त्याच वर्षी भाडी घसरली, डिझेल चढलं, आणि हप्ते मात्र तेजीच्या किमतीचेच राहिले. नोकरी तरी पक्की असते का, असं तू विचारशील. नाही. यलो ही अमेरिकेतली जवळजवळ शंभर वर्षांची ट्रक कंपनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली आणि सुमारे ३०,००० माणसं घरी बसली. पण नोकरी गेलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी लायसन्स खिशात घालून दुसऱ्या फाटकावर उभा राहतो. हप्ते थकलेल्याच्या मागे वसुलीवाला असतो.

मध्यंतरी माझी गाडी चढावर तापली. काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला तशी बाजूला घेतली, इंजिन निवू दिलं आणि ऑइल मापायची डिपस्टिक ओढली. टोकाला ऑइल काळं असायला हवं, ते फिकट, दुधाळ, फेसाळ. म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट, म्हणजे नुसती सीलची पट्टी, गेलं असलं तर सुटलो, हेडलाच तडा असला तर मेलो, हे मी तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून मोजत होतो. कंपनीत असताना अशा वेळी मी काय करायचो? फोन करून कळवायचो आणि केबिनमध्ये ताणून द्यायचो. आता मात्र मेकॅनिक मी शोधायचा, टोचन मी आणायचं, मालधन्याची, म्हणजे ज्याचा माल त्याची, बोलणी मी खायची, आणि माल पोचवायला दुसरी गाडी करायची तिचं भाडंही मीच भरायचं. पुढे गाडी वर्कशॉपमध्ये केबिन पुढे झुकवून उभी, पार्ट यायची वाट बघत, आणि बँकेचा हप्ता नेमक्या तारखेला खात्यातून गेला. गॅस्केटवर निभावलं. मी निभावून नेऊ शकलो कारण पैसे बाजूला ठेवलेले होते आणि मालधनी माझा ओळखीचा, थेट माल देणारा होता. त्याने पुढचं भाडं दुसऱ्याला दिलं नाही. दलालाने एवढं थांबावं, असं त्याला काय पडलंय?

उधारीचं तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. डिझेल रोख लागतं. भाड्याचा काही भाग ॲडव्हान्स मिळतो, बाकी पोचपावती गेल्यावर महिन्याने, दोन महिन्यांनी. त्या मधल्या काळात गाडी तुझ्या पैशावर धावत असते.

आणि ड्रायव्हिंगचे तास. मालक झालास म्हणून दिवस लांबत नाही. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला साधारण ९ तास ड्रायव्हिंग, अमेरिकेत फार तर ११. दोन्हीकडे हा नियम पगारी ड्रायव्हरला आहे तसाच मालकालाही. कायदा सोड, झोप कायद्याहून कडक असते. हप्त्याची तारीख जवळ आली की आणखी एक फेरी मारू असं वाटतं, थोडा जादा माल भरू असंही वाटतं, आणि अशा वेळी आपल्याला अडवायला वर साहेब नसतो. वहिनींशी यावर बोललास का? पैशाबद्दल नाही म्हणत मी. घरी आलास तरी तू फोनवरच असशील, हे त्यांना आधी कळू दे.

तरीही घ्यायचीच असेल तर आधी माल धर. निदान एक मालधनी असा, जो दोन्ही बाजूंचं नाही तरी एका बाजूचं भाडं नियमाने देईल. शब्दावर नको, दर आणि पैसे देण्याची मुदत लिहून घे. मग तीन-चार वर्षं वापरलेली, सर्व्हिसचे कागद असलेली गाडी बघ, आणि कर्ज बँकेकडून घे, माल देणाऱ्याकडून नको. बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच चालू करून गरम ठेवलं असेल तर तिथेच शंका घे. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघड. थोडी वाफ चालते, पण धूर धापा टाकत बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समज आणि चहा न पिता परत ये. टायर चारी बाजूंनी हाताने चाचप. एकाच कडेने झिजले असतील तर ॲक्सल किंवा चाकांच्या अलाइनमेंटची भानगड आहे. मी सोबत येतो, मला नुसती तारीख कळव.

तोवर सही करू नकोस. कराराची पूर्ण प्रत पाठव, नुसतं पहिलं पान नको. मला त्यात चार गोष्टी बघायच्या आहेत: मध्येच सोडलंस तर भरलेल्या हप्त्यांचं काय होतं, दुरुस्तीचा खर्च कुणाचा, कमीत कमी किती किलोमीटर देणार हे कुठे लिहिलंय का, आणि अनामत परत कधी. तिसऱ्या गोष्टीवर ते टाळाटाळ करतील. त्यांच्याकडून तोंडी काही घेऊ नकोस, कागदावर मागून घे, आणि ते काय म्हणाले ते मला जसंच्या तसं लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र