होडीच्या तळाचे भोक: बाबांच्या शंकेला उत्तर

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की, इतक्या वर्षांत ज्या होडीच्या तळाला खरचटूसुद्धा दिले नाही, तिला आता मुद्दाम भोक कशासाठी पाडायचे. मी दिलेले उत्तर तुम्हाला पटले नाही, हे तुम्ही लगेच फोन आईकडे दिलात तेव्हाच कळले. कारखान्याच्या आवाजात उभे राहून अशी गोष्ट नीट सांगताही येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमची शंका रास्त आहे, आणि तीच मनात धरून मी प्रत्येक भाग निवडते आहे.

आपल्या होडीला आजवर आउटबोर्ड इंजिन होते. ते मागे बाहेरच्या बाजूला लटकलेले असे आणि थंड होण्यासाठी लागणारे पाणी त्याच्याच पाण्याखालच्या पायातून ओढून घेई, त्यामुळे होडीला छिद्र करण्याची वेळ आली नाही. परंतु ते रोज संध्याकाळी सोडवून खांद्यावरून घरी आणणे आता तुमच्या पाठीला झेपणार नाही, आणि दादाने एकट्याने ते ओढावे हेही मला बरे वाटत नाही. आत बसणारे लहान डिझेल इंजिन घ्यायचे आपण सर्वांनी ठरवले ते याच कारणाने. इंजिन आत आले की त्याला थंड करणारे समुद्राचे पाणीही आत आणावे लागते, आणि ते तळातूनच आणणे भाग आहे. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीचे काम वेगळे आहे; त्याबद्दल दादाशी बोलणे झाले आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.

पाण्याच्या पातळीखाली एक फूट खोलीवर एक इंचाचे भोक उघडे राहिले, तर त्यातून मिनिटाला चाळीस लिटरांहून जास्त पाणी आत येते. घरातल्या दोन बादल्या भरून वर थोडे उरेल, तेही प्रत्येक मिनिटाला. जाळे ओढण्यात गुंतलेल्या दोन माणसांच्या हे लक्षात येईपर्यंत इंजिन अर्धे बुडालेले असेल. म्हणूनच माझे म्हणणे एवढेच आहे की, ते भोक तळाइतकेच भरवशाचे असले पाहिजे आणि अंधारातही, एका हाताने, क्षणात बंद करता आले पाहिजे. पुढचे सगळे या दोन अटींपायी आहे.

त्यासाठी तळावर सीकॉक, म्हणजे भोक उघडबंद करणारा दांडीचा व्हॉल्व्ह, बसवते आहे. साधा नळ फिरवून फिरवून बंद करावा लागतो, आणि तो उघडा आहे की बंद हे नुसते पाहून कळत नाही. याची दांडी पाइपाच्या रेषेत असली की उघडा आणि आडवी असली की बंद, चाचपूनही समजते. याला स्वतःची रुंद बैठक असून ती तळाशी बोल्टांनी आवळली जाते. पाइपाच्या आट्यांवर नुसता व्हॉल्व्ह चढवला, तर एखाद्या दिवशी त्यावर पाय पडला किंवा ओल्या जाळ्याचे ओझे आले की सगळा ताण त्या आट्यांवर येतो आणि आटा हाच पाइपाचा सर्वांत पातळ भाग असतो. अमेरिकेतल्या बोटबांधणीच्या मानकात अशी अट आहे की, सीकॉकच्या आतल्या टोकावर ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा भार ३० सेकंद दिला तरी त्यातून पाणी आत येता कामा नये. आपल्याकडे हे कोणी तपासायला येणार नाही, तरी मी तोच हिशेब धरला आहे.

आता धातूविषयी, कारण दादाने विचारले होते की, वेंगुर्ल्यात हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत पितळी व्हॉल्व्ह स्वस्तात मिळतो, मग तोच का नको. इमारतीच्या नळकामात वापरतात त्या पितळेत साधारण साठ टक्के तांबे आणि चाळीस टक्के जस्त असते. खाऱ्या पाण्यात कायम राहिले की त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा नुसता सच्छिद्र सांगाडा उरतो. वरून आकार तसाच दिसतो; खरवडून पाहिले तर आत पिवळ्याऐवजी गुलाबीसर रंग दिसतो, आणि असा तुकडा पान्याच्या एका झटक्याने तुटतो. गनमेटलमध्ये ८५ टक्के तांबे आणि कथील, शिसे, जस्त प्रत्येकी ५ टक्के असतात. ते समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकते. म्हणून तळातून आरपार जाणारा तुकडा, त्याची चकती आणि नट मी गनमेटलचेच ओतून घेतले.

समुद्र नसलेल्या गावात होडीचे काम कसे होणार, अशी आई, तुला काळजी होती. पण धातूचे काम बेळगावच्या हातात पुरेपूर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सुरुवात केली ती याच गावातल्या सायकलच्या दुकानापासून. पुढे १९१० मध्ये त्यांनी कारखाना किर्लोस्करवाडीला नेला, तरी लेथवर हात बसलेली माणसे इथे घडतच राहिली. उद्यमबागेत आज फाउंड्री, लेथ आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हची कामे एकमेकांना लागून आहेत. ओतकाम करणारे आमचे मिस्त्री गोकाककडचे आहेत, ते कन्नडमध्ये विचारतात आणि मी मराठीत सांगते, त्यात कधी अडले नाही. हा तुकडा समुद्राच्या पाण्यात राहणार आहे असे सांगितल्यावर त्यांनी मुशीत भंगाराचा एक कणही पडू दिला नाही. ओतून झाल्यावर आमच्या टेस्ट बेंचवर आतून पाण्याचा दाब देऊन पाहिला. कुठेही थेंब फुटला नाही. दोन्ही बाजूंचे आटे मी समांतर कापून घेतले आहेत. बाजारातल्या व्हॉल्व्हचे आटे पुष्कळदा टेपर, म्हणजे निमुळते असतात. ते समांतर आट्यांवर दोन-तीन फेऱ्यांतच अडकतात, आवळल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात पकड फारच थोडी असते.

रेल्वे नव्हती तेव्हा बेळगावचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जात असे; आपली होडी त्याच वाटेने वर आली आहे. लाकडी असती तर मी ती आणलीच नसती, कारण इथल्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत फळ्या सुकून सांधे उघडले असते. फायबरला तो धोका नाही. वळिवाच्या सरी सुरू झाल्या आहेत, पण ती शेडमध्ये कोरडी आहे.

भोक पाडले तेव्हा करवतीच्या आतून जी गोल चकती निघाली, ती मी जपून ठेवली आहे आणि दादाबरोबर पाठवते आहे. तिची कड बोटाने चाचपून पाहा. काचेच्या विणीचे थर एकावर एक सलग बसलेले दिसतात, मध्ये कुठे पोकळी नाही, पाणी मुरल्याची काळी रेघ नाही. तुम्ही दरवर्षी पावसाळ्याआधी तळ धुऊन, वाळवून, मगच रंग लावत होतात, त्याचे फळ त्या कडेला दिसते. छिद्राची उघडी कड रेझिनने बंद केली आहे, कारण पाणी मुरायला सुरुवात होते ती अशाच कापलेल्या कडेतून. आतून जाड पाट बसवून तळ तेवढ्या भागात दुप्पट केला आहे. सांध्यात पॉलियुरेथेनचा सीलंट घातला. सिलिकॉन पाण्याखाली भरवशाचे नाही.

तिथून पुढे पाणी कसे जाते ते थोडक्यात सांगते. सीकॉकपासून तारेची गुंडाळी असलेली जाड नळी निघते, कारण साधी रबरी नळी पंपाच्या ओढीने चपटी होते. प्रत्येक टोकाला स्टेनलेसचे दोन-दोन क्लॅम्प आहेत. नळी जाते गाळणीत. गाळणीचे भांडे पारदर्शक ठेवले आहे, म्हणजे शेवाळ, प्लॅस्टिक किंवा रेती साचली की झाकण न उघडताच दिसेल. गाळणीनंतर पंप. त्यात इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चाक असते आणि पाणी हेच त्याचे वंगण; तो कोरडा फिरला तर थोड्या वेळातच पाती फाटतात आणि त्यांचे तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतात. इंजिनच्या आत गोडे पाणी वेगळे फिरते, खारे पाणी फक्त त्याला थंड करून एक्झॉस्टमधून मागे बाहेर पडते. म्हणून इंजिन सुरू केले की सर्वांत आधी मागे वळून पाहायचे, पाणी पडते आहे का. पडत नसेल तर लगेच बंद करायचे आणि सीकॉकची दांडी पाहायची. एक जास्तीचा इम्पेलर आणि तो बदलायची हत्यारे मी डब्यात घालून देईन.

सीकॉकची जागा ठरवताना मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. इंजिनच्या अगदी जवळ, फळ्यांखाली बसवला असता तर नळी आखूड झाली असती. परंतु त्या फळ्यांवर तुम्ही जाळे आणि बर्फाची पेटी ठेवता, आणि पाणी आत येत असताना पेटी सरकवायला कोणाला वेळ असणार? ज्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही तो असून नसल्यासारखा आहे. म्हणून तो मी उजव्या अंगाला, तुम्ही सुकाणू धरून बसता तिथून डावा हात खाली घातला की लागेल असा घेतला आहे. बाहेरचे तोंड तळाशी सपाट ठेवले आहे, पुढे आलेले नाही, म्हणजे होडी ओढताना ते कशात अडकून उपटले जाणार नाही. सीकॉकशेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवते आहे. सगळे फसले तर ती ठोकून भोक बंद करता येते. तिला हलवू नका आणि दुसऱ्या कशाला वापरू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून मागते. आई जशी रोज रात्री झोपण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करते, तसा परत आल्यावर सीकॉक रोज बंद करावा. त्याने दोन कामे होतात. होडी रात्रभर एकटी उभी असताना तळ बंद राहतो, आणि दांडी रोज हलत राहिल्याने आतला पाणी अडवणारा गोळा जाम होत नाही. महिनोन्महिने उघडा ठेवलेला सीकॉक नेमका गरजेच्या वेळी हलत नाही. बंद केला की इंजिनची किल्ली त्याच्याच दांडीला अडकवावी, म्हणजे सकाळी किल्ली घेताना तो उघडायची आठवण राहील. दादालाही हे सांगा. माझ्यापेक्षा तुमचे तो ऐकेल.

आता जिथे माझे काम अडले आहे ते लिहिते. इंजिन होडीत खाली बसते, त्यामुळे एक्झॉस्टमध्ये पाणी सोडण्याची जागा समुद्राच्या पातळीखाली येते. इंजिन बंद केल्यावर नळीत भरलेले पाणी मागचे पाणी ओढत राहू शकते. ते एक्झॉस्टमध्ये साचत साचत सिलिंडरमध्ये शिरते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे पुढच्या वेळी इंजिन फिरवताना कनेक्टिंग रॉड वाकतो. हे टाळण्यासाठी नळीला वर नेऊन कमान द्यायची आणि कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा लहान व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे इंजिन थांबले की हवा शिरून ओढ तुटते. ही कमान भरलेल्या होडीच्या पाणरेषेपेक्षा किमान एक फूट तरी उंच हवी, आणि होडी कलंडली तरी ती पाण्याच्या वरच राहिली पाहिजे. होडीवर जुन्या पाण्याचा डाग दिसतो, पण तो आउटबोर्डचे वजन मागे होते तेव्हाचा आहे, आणि भरलेली होडी किती खाली बसते हे त्यावरून कळत नाही.

म्हणून बाबा, हे मला तुमच्याकडूनच हवे आहे. बर्फ, जाळे, दोन माणसे आणि चांगली मिळालेली मासळी असताना काठाखाली किती वीत कोरडी बाजू उरत असे? मध्ये किती आणि मागे किती, हे वेगवेगळे सांगा. वारा आडवा असताना जाळे ओढले की काठ पाण्याच्या किती जवळ येई? आणि ओहोटीला खाडीत ती चिखलावर बसते तेव्हा नेहमी एकाच अंगावर कलते की जागेप्रमाणे बदलते? ती उजव्या अंगावर कलत असेल, तर सीकॉकचे तोंड चिखलात जाईल. मग ती चिखलावर टेकण्याआधीच तो बंद करायचा नियम करावा लागेल, किंवा उभी करण्याची जागा बदलावी लागेल. तुम्हाला जसे आठवेल तसे सांगा, आई वहीत लिहून घेईल.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद आहे, त्यामुळे घाई नाही. कमान बसली की होडीत आतून सीकॉकच्या वरपर्यंत पाणी भरून रात्रभर ठेवेन आणि सकाळी खालून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहीन. कागद कोरडा निघाला तरच तिला घाट उतरवायची. नारळी पौर्णिमेच्या आधी ती दारात येईल, असे काम चालले आहे.

आई, गुडघ्याचे औषध संपत आले असेल तर दादाबरोबर चिठ्ठी पाठव, इथून घेऊन देते. तुम्हां दोघांच्या उत्तराची वाट पाहते. तोवर कमानीच्या कामाला हात लावणार नाही.

तुमची धाकटी लेक