गिरगावातल्या काकांना, बाबांच्या बावीस कार्डांबद्दल

ती. काका,
सा. नमस्कार.

नाव लिहायचं नाही अशी तुमची तंबी आहे, म्हणून नुसतं ‘काका’. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. कारण कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या कॅल्क्युलेटरचा आणि त्याच्या चुंबकीय कार्डांचा असाच एखादा डबा पडलेला असणार, आणि तो उघडणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत नेमकी मी केली तीच चूक करणार.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाबा स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. दादरला दोन टेबलांचं ऑफिस होतं. त्यांच्या मावसभावाने परदेशातून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-59 हा कॅल्क्युलेटर आणून दिला. 1977 साली बाजारात आलेलं हे यंत्र बंद केलं की घातलेला प्रोग्राम साफ विसरतं. तो टिकवायचा तर एकच सोय होती, बोटभर लांबीचं चुंबकीय कार्ड. उजवीकडच्या फटीत ते टेकवायचं, आतली मोटर ते ओढून घेते आणि डावीकडून बाहेर देते. तेवढ्या वेळात प्रोग्रामच्या 240 पायऱ्या वाचून होतात. तेच कार्ड उलट्या टोकाने घातलं की आणखी 240. कार्डं घेणारा हातातला कॅल्क्युलेटर पहिल्यांदा 1974 मध्ये एचपीने काढला, एचपी-65. पुढच्याच वर्षी तो अपोलो-सोयूझ मोहिमेत अंतराळातही जाऊन आला. आमचा टीआय-59 फार फार तर दादरहून साइटवर जायचा आणि सिमेंटची धूळ खाऊन परत यायचा.

बाबा गेल्यावर आईने तो बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवला. सोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात बावीस कार्डं, प्रत्येकावर बाबांच्या बारीक अक्षरात नाव: स्लॅब, बीम, कॉलम, फुटिंग, जिना, पाण्याची टाकी. काहींवर ‘जुनं’ आणि ‘नवं’. काँक्रीटच्या आय.एस. 456 या भारतीय मानकाची 1978 ची आवृत्ती आली, तिने ‘लिमिट स्टेट’ नावाची हिशेबाची नवी पद्धत आणली आणि बाबांना सगळे प्रोग्राम नव्याने लिहावे लागले, हे मला माझ्या भाच्याने सांगितलं. तो त्याच धंद्यातला. लहानपणी मला एवढंच कळायचं की बाबा रात्री कार्डं घालतायत तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात डबा उघडला तर कार्डांवर पांढरे ठिपके, काहींवर चिकट काळा डाग. मी ‘जिना’ उचललं आणि नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसलं. कापूस तपकिरी झाला. मला वाटलं, केवढी घाण निघाली! ती घाण नव्हती. तो कार्डावरचा चुंबकीय थर होता, म्हणजे बाबांचा जिनाच कापसावर आला होता.

मग लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन दुकानांत फिरले. एका ठिकाणी मुलाने मोठ्या उत्साहाने कार्ड फटीत घालायला घेतलं. मी ओरडलेच. खरं तर का ओरडले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिथेच कुणीतरी तुमचा पत्ता दिला: जुने टेपरेकॉर्डर करणारे, गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर, शेवटून दुसरी खोली.

तुम्ही आधी मशीन पाहिलं, मग कार्डं, मग मला. “आणखी किती पुसलीत?” एवढंच विचारलंत. एकच, म्हटल्यावर चहा टाकायला सांगितलात. तुम्ही चिडला असतात तर मी बहुधा डबा उचलून घरी गेले असते.

काका, माझे आभार पहिल्यांदा त्या दिवसाचे, ज्या दिवशी तुम्ही काहीच केलं नाहीत. “हा चपटा टेपरेकॉर्डर आहे हो,” म्हणालात. आत कार्ड वाचणारं हेड आहे, मोटर आहे, कार्ड ओढणारा रबरी रोलर आहे. आणि जुन्या डेकमध्ये रबर जसं विरघळून डांबर होतं तसंच इथेही झालेलं. कार्डावरचा काळा डाग तिथूनच आलेला. म्हणजे आजार यंत्राला आणि खुणा कार्डांवर. अशा यंत्रात साफ केलेलं कार्ड घातलं तर ते पुन्हा बरबटणार, वर हेडलाही चिकटणार. तेव्हा आधी यंत्र, आणि तोवर एकही कार्ड फटीजवळ न्यायचं नाही. कार्डं मात्र त्याच दिवशी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर तुमच्या स्टीलच्या डब्यात बंद झाली, आठ दिवसांसाठी. मुंबईच्या जुलैत पापड कुरकुरीत राहत नाहीत, तिथे ही कार्डं कशी राहणार, हे तुमचं म्हणणं. डांबरगोळ्या मी आणल्या होत्या त्या तुम्ही परत दिल्यात. त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं.

रोलरची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. तुम्ही मला क्रॉफर्ड मार्केटला पाठवलंत, माशांच्या टाक्यांच्या दुकानात, हवेच्या पंपाची सिलिकॉनची नळी आणायला. मी तीन जाडीच्या आणल्या. एक बसली पण कार्ड अडकलं, दुसरी घसरली, तिसरी तुम्ही ब्लेडने कापून बसवलीत. रोलर जरा जाड झाला की कार्डाचा वेग वाढतो आणि जुनं रेकॉर्डिंग यंत्राला ओळखू येत नाही, हे सांगताना तुम्ही कॅसेट पळत असल्यासारखा चिरका आवाज काढलात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर तुम्ही काम सुरू करण्याआधीच खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला होतात. सेलच्या पॅकमधले फुगलेले तीन सेल बदललेत आणि बजावलंत की पॅक न बसवता नुसत्या चार्जरवर हे यंत्र चालवायचं नाही.

मग कार्डं. इथे मला वाटलं होतं, आता धडाधड उरकेल. तुम्ही आधी प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायला लावलेत, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलने उतरते, आणि अक्षर गेलं तर कुठलं कार्ड कशाचं हे कुणाला कळणार? बुरशी गॅलरीत नेऊन, तोंडाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झटकली, म्हणजे पुसताना कण घासून ओरखडे पडायला नकोत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं फडकं, फक्त तपकिरी बाजू, लांबीच्या दिशेने, हात हलका. पहिला प्रयोग गेलेल्या ‘जिन्या’वरच. बिचारं तेवढं तरी कामाला आलं. वाकलेली दोन कार्डं इस्त्रीखाली धरू का, असं मी विचारलं होतं. त्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत याबद्दलही आभार. ती आठवडाभर जाड पंचांगांखाली राहिली आणि सरळ झाली.

वाचायला घेतल्यावर एकवीसपैकी सतरा कार्डं पहिल्या दोन-तीन खेपांत वाचली गेली. दोन गेली ती गेलीच. उरलेल्या दोघांवर ‘टाकी 1’ आणि ‘टाकी 2’ लिहिलेलं. घातली की पडदा लुकलुकायचा, म्हणजे चूक. मी म्हटलं, जाऊ द्या. तुम्ही भिंग घेतलंत आणि ‘टाकी 1’च्या कोपऱ्यात पुसट पेन्सिलीने लिहिलेलं ‘3-17’ मला दाखवलंत. तुम्हालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण “हे उगाच लिहिलेलं नाही,” एवढं तुम्ही ठामपणे म्हणालात.

उत्तर मॅन्युअलमध्ये मिळालं. टीआय-59 मधली जागा प्रोग्राम आणि आकडे यांच्यात वाटलेली असते. सुरू केल्यावर 480 पायऱ्या आणि 60 आकडे अशी वाटणी असते. 3 दाबून ‘ऑप’ हे बटण आणि 17 दिलं की 720 पायऱ्या आणि 30 आकडे. ज्या वाटणीत कार्ड भरलं त्याच वाटणीत ते वाचायचं, नाहीतर यंत्र नकार देतं. कार्डं ठणठणीत होती, आम्हीच चुकीच्या खोलीचं दार वाजवत होतो. 3, ऑप 17, मग कार्ड. पडद्यावर शांतपणे 1 उमटला, म्हणजे पहिलं टोक वाचलं गेलं. मग 2, 3, 4.

प्रिंटर नसल्यामुळे सगळे प्रोग्राम आम्ही वहीत उतरवले. यंत्र एकेक पायरी दाखवतं, आधी पायरीचा क्रमांक आणि मग तिथे दाबलेल्या बटणाचा अंक. 76 म्हणजे लेबल, प्रोग्राममधल्या जागेला दिलेलं नाव, 43 म्हणजे साठवलेला आकडा परत बोलावणं, 91 म्हणजे थांब. भाचा वाचायचा, मी लिहायची. पहिल्या रविवारी तीन तासांत दीड प्रोग्राम झाला, कारण मी मध्येच 67 च्या जागी 76 लिहून बसले. आता सगळे झाले आहेत. वहीच्या फोटोंच्या प्रती तीन घरांत ठेवल्या आहेत. कार्डं आता स्पीकरपासून आणि चुंबकाच्या खिट्टीच्या कपाटापासून लांब, हवाबंद डब्यात असतात.

तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट राहिली. ‘टाकी 2’च्या दुसऱ्या टोकाला प्रोग्राम नव्हता, आकडे होते. आम्ही एकेक बोलावून पाहिले: 50.27, 78.54, 113.1, 201.06. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. भाचा हसायला लागला. आठ, दहा, बारा आणि सोळा मिलिमीटरच्या सळया, त्यांच्या छेदाचं क्षेत्रफळ. बाबांना हे आकडे तोंडपाठ होते, जेवताना विचारले तरी सांगायचे. तरी कार्डावर भरून ठेवले होते.

तुम्ही नळीचे 40 रुपये तेवढे घेतलेत, बाकी विषय बदललात. तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. गुरुवारी चारनंतर घेऊन येते. रिकामा आणणार नाही, आणि वहिनींना सांगा, चकल्या भाजणीच्याच आहेत.

तुमची,
‘जिना’ पुसून टाकणारी