बदाम शोधायचा तर आधी खाच बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या हस्तकलेच्या पानावर बदामाचा आकार वरचेवर येतो. 'कागद दुमडा, अर्धा बदाम काढा, कापा, लाल रंगवा' एवढ्यावर कृती संपते. मग कुणाचा बदाम सफरचंदासारखा होतो, कुणाचा पानासारखा, तर कुणाच्या हातात दोन सुटे तुकडे येतात. असं का होतं, ते कृतीत कुठेच नसतं. शिवाय हा आकार कागदावर काढण्याआधी आजूबाजूला शोधायचा असतो, हा तर निम्म्याहून अधिक गमतीचा भाग, आणि नेमका तोच सुटतो.

या आकाराला आपण पत्त्यांवरून 'बदाम' म्हणतो. त्या नावानं थोडी फसगत केली आहे. खऱ्या बदामाला टोक असतं, फुगीर पोट असतं, पण खाच नसते. आकाराची ओळख मात्र खाचेवरच टिकलेली असते. एक बदाम काढून त्याचं खालचं टोक हाताने झाका, तरी तो बदामच वाटतो. आता वरची खाच झाका. लगेच तिथे पान, थेंब किंवा भोवरा दिसायला लागतो. म्हणून शोधताना 'बदाम कुठे आहे' असं बघत हिंडू नये, 'आत वळलेली खाच कुठे आहे' असं बघावं. खाच सापडली की तिच्या दोन्ही बाजूंचे फुगवटे आणि समोरचं टोक यांपैकी एक जरी बरं असलं तरी उरलेलं डोळा भरून घेतो.

अशा खाचा कुठे मिळतात? पोपडे आलेल्या रंगात, वाळत आलेल्या डबक्याच्या काठावर, कपची उडालेल्या गोट्यात, फांदी तुटून गेलेल्या खोडावरच्या गाठीत, दोरीच्या सैल वेढ्यात. पानांत दोन जाती ओळखाव्यात. गुळवेल, मनीप्लांट, रताळ्याचा वेल यांच्या पानांची खाच देठाशी असते, त्यामुळे बदाम बघायला पान देठ वर करून धरावं लागतं. कांचन-आपट्याची खाच शेंड्याला असते, त्यामुळे ते पान देठ खाली धरलं की बदाम, पण टोक बोथट. अंबुशीची तीन पानं म्हणजे तीन बदाम, टोकं मध्यभागी जोडलेली. आणि वस्तूंपेक्षा दोन वस्तूंमधली रिकामी जागा अनेकदा जास्त देते. कान समोरासमोर येतील असे दोन कप चिकटवून ठेवा आणि कानांच्या मधली पोकळी बघा.

आकार न दिसण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे आपण जागचे हलत नाही. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर वोह गावाजवळच्या खारफुटीतली बदामाच्या आकाराची मोकळी जागा जगाला माहीत झाली ती हवेतून घेतलेल्या छायाचित्रामुळे. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तिथे फक्त झाडं दिसतात. घरातही तेच. वस्तू फिरवता येत नसेल तर स्वतः तिच्याभोवती फिरावं, आणि खाच आपल्यापासून लांब, टोक आपल्याकडे आलं की थांबावं. दोन्ही बाजू सारख्या असण्याचा आग्रह मात्र धरू नये. १४ जुलै २०१५ रोजी 'न्यू होरायझन्स' यान प्लुटोजवळून गेलं तेव्हा दिसलेला तो प्रसिद्ध फिकट बदाम घ्या. त्याचा डावा भाग गोठलेल्या नायट्रोजनचं सपाट मैदान आहे, उजवा भाग उंचसखल. दोन्हीकडे वेगळाच मामला, तरी बदाम म्हणून कुणी नाकारला नाही.

फोटो काढताना बहुतेक बदाम बिघडतात ते कोनामुळे. फोन वस्तूच्या पृष्ठभागाला समांतर हवा, थोडा जरी कलला तरी टोक लांबट होतं किंवा फुगवटे चपटे होतात. जवळ जाण्यासाठी रुंद कोनाची लेन्स वापरू नका, ती कडा ताणते. मुख्य लेन्सनेच २५ ते ३० सेंमी अंतरावरून टिपा आणि नंतर कापून घ्या. गोटा, भेग, पोपडा यांना सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश लागतो, कारण तिथे खाच सावलीनेच बनलेली असते. पानाला मात्र सावलीतला पसरलेला उजेड बरा, नाहीतर चकाकी आकार खाऊन टाकते.

प्रकाशातून आकार करणं आणखी मजेचं आहे, आणि तिथे चुकतं त्यामागे साधं भौतिकशास्त्र असतं. पुठ्ठ्यात २ सेंमी रुंदीचं बदामी भोक पाडून उन्हात धरलं की भिंतीवर बदाम पडायला हवा. भिंत १० सेंमीवर असेल तर पडतो, अगदी रेखीव. अर्ध्या मीटरवर कडा मऊ होतात, दोन मीटरवर चक्क गोल कवडसा पडतो. सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे प्रत्येक बिंदू भिंतीवर पसरतो, आणि तो पसारा अंतराच्या साधारण १०७व्या भागाएवढा असतो. दोन मीटरला जवळजवळ १९ मिमी, म्हणजे भोकाच्या रुंदीइतकाच. खाच त्यात पार बुजते. झाडाखालचे कवडसे पानांमधली फट कशीही असली तरी गोल का असतात, त्याचंही कारण हेच. तेव्हा अंतर पाव मीटरच्या आत ठेवावं किंवा भोक मोठं करावं.

दुसरा खेळ अंगठीचा. जाड पुस्तक मधोमध उघडून अंगठी दोन पानांच्या घळीत उभी ठेवा आणि समोरून, साधारण ४५ अंशांवरून, एकच छोटा दिवा टाका. अंगठीची सावली गोलच असते, पण घळीकडे वळलेल्या दोन पानांवर ती दुभंगून वाकते आणि बदाम होतो. पुस्तक पातळ असेल तर पानांना बाक येत नाही, सावली नुसती लंबगोल राहते. खोलीतले बाकीचे दिवे बंद करायला विसरू नका, दोन दिव्यांच्या दोन सावल्या एकमेकींना पुसतात.

आता कागदाकडे. घडी घालून कापताना सगळं ठरतं ते कात्रीची रेषा घडीला कुठल्या कोनात भेटते यावर. वरच्या बाजूला रेषा घडीपाशी येताना खाली उतरत, तिरकी यायला हवी. ती घडीला काटकोनात भेटली तर कागद उघडल्यावर खाच गायब, वर सपाट डोकं. खालीही तसंच: तिरकी भेटली तर टोक, काटकोनात भेटली तर सफरचंदाचं बूड. अर्धा बदाम घडीच्या बाजूला न काढता मोकळ्या कडांच्या बाजूला काढला तर दोन सुटे तुकडे हातात येणारच. आणि वळणावर कात्री वळवायची नाही, कागद वळवायचा.

घडीशिवाय नेमका बदाम हवा असेल तर ८ सेंमी बाजूचा चौरस कोपऱ्यावर उभा काढा. वरच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंवर कंपासचं टोक ठेवून ४ सेंमी त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं बाहेरच्या अंगाला काढा. मधल्या रेषा खोडल्या की झालं. या बदामाची रुंदी सुमारे १३.७ सेंमी आणि उंची १२.५ सेंमी भरते, म्हणजे १५ सेंमीच्या चौकटीत तो आरामात बसतो. खाच मात्र जेमतेम १२ मिमी खोल येते. शाईचा ठसा करणार असाल तर ती आणखी ४-५ मिमी खोल करून घ्या, कारण ठशात आधी खाचच शाईने भरते.

हाच चौरस आणि हीच दोन अर्धवर्तुळं डेन्मार्कच्या विणलेल्या कागदी बदामात असतात. कथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६०च्या सुमारास केलेला असा एक बदाम अजून जपून ठेवलेला आहे. दोन रंगांचे, ६ सेंमी रुंद व १८ सेंमी लांब असे दोन कागद घ्या. प्रत्येकाची मधोमध घडी घाला, ९ सेंमी लांबी उरेल. घडीपासून ६ सेंमीवर पेन्सिलने रेघ मारा, आणि तिच्या पलीकडच्या ३ सेंमीला दोन्ही थरांतून अर्धगोल कापा. मग घडीच्या बाजूने दोन सरळ चिरा द्या. प्रत्येक कागदाला २ सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या मिळतील, आणि दुमडलेली असल्यामुळे प्रत्येक पट्टी म्हणजे एक फासा, आतून पोकळ वेढा. दोन्ही कागद काटकोनात धरून पहिली पट्टी समोरच्या पहिल्या फाशाच्या पोटातून घाला, समोरचा दुसरा फासा तिच्या पोटात घ्या, तिसऱ्याच्या पुन्हा पोटातून. पुढच्या पट्टीला क्रम उलटा.

इथे दोन चुका ठरलेल्या. चटईसारखं वर-खाली विणलं तर बदाम दिसतो, पण उघडत नाही. पोटातून विणला तरच त्याची पिशवी होते. दुसरी चूक, चिरा बरोबर ६ सेंमीच्या देणं. कागदाच्या जाडीला जागा उरत नाही आणि शेवटची पट्टी अडकून फाटते. चीर रेघेच्या पुढे २ मिमी न्यावी. कागद १०० ते १२० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्यावा, पातळ कागद विणताना चुरगळतो.

सरळ रेषांतूनही बदाम निघतो, हे मुलांना सांगितलं तर पटत नाही. फळीवर १५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून दर ५ अंशांना, म्हणजे साधारण १३ मिमीवर, एक असे ७२ छोटे खिळे ठोका आणि त्यांना ० ते ७१ क्रमांक द्या. नियम एकच: प्रत्येक खिळा त्याच्या दुप्पट क्रमांकाला जोडायचा. १ला २, ३ला ६, १०ला २०. दुप्पट ७२ किंवा त्याहून अधिक झाली की ७२ वजा करा, म्हणजे ३६ जातो ०ला, ३७ जातो २ला. शून्य स्वतःलाच जोडला जातो, तो सोडून द्या. दोरा न तोडता जायचं तर १ वरून २, तिथून काठाने ४, मग ४ वरून २, काठाने ३, ३ वरून ६, काठाने ८, ८ वरून ४ असं नागमोडी जावं. सुमारे १८ मीटर दोरा पुरतो. दोऱ्यांच्या कडेतून जी वक्ररेषा उमटते तिला गणितात कार्डिऑइड म्हणतात, ग्रीक भाषेतल्या हृदयाच्या शब्दावरून. तिला खाच धारदार असते, पण खालचं टोक नसतं, गोलाई असते. ती गोलाई शून्याच्या खिळ्याला टेकते आणि खाच केंद्रापासून ५ सेंमीवर, ३६च्या दिशेला येते. म्हणून शून्य तळाला हवा. बहुतेक जण घड्याळाच्या सवयीने शून्य माथ्यावर ठेवतात आणि सगळं झाल्यावर बदाम उलटा निघतो. फळी फिरवली की झालं म्हणा, पण मागे टांगायची कडी आधीच लावलेली असते.

पानांच्या कामात एक समज दुरुस्त करायला हवा. पिंपळपान नुसतं पुस्तकात ठेवून त्याची जाळी होत नाही, ते फक्त वाळून सपाट होतं. जाळीसाठी आधी गर कुजावा लागतो. जून, जाड पानं पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवा, तीन-चार दिवसांनी पाणी बदला, आणि गर सुटला की काचेवर ठेवून मऊ ब्रशने मधल्या शिरेकडून कडेकडे हलके झटका. घाई असेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर तासभर ठेवा. भांडं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमवर सोड्याची क्रिया होते. हातमोजेही घाला. कोवळी पानं या कामाला घेऊ नयेत, शिरांसकट विरघळून जातात.

रंगाबद्दल थोडंसं. सापडलेला बदाम लाल रंगवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लाल लावला की गोटा गोटा राहत नाही, भेग भेग राहत नाही, आणि 'अरे, हा इथे होता!' ही गंमत जाते. गोटा आहे तसा ठेवून त्याच्याभोवतीचा कागद हिरवा, पिवळा, निळा असा भडक रंगवा. गोटाच रंगवायचा असेल तर धुऊन पूर्ण दिवस वाळू द्या, दमट दगडावरचा ॲक्रिलिक रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

आपल्याला विनंती अशी की हस्तकलेच्या आकृत्या छापताना शेजारी ५ सेंमी लांबीची पट्टी छापावी. छपाईत आकृती लहान-मोठी झाली की वरची सगळी मापं चुकतात, आणि वाचकाला ते कळायला काहीच मार्ग नसतो. वाचकांना सापडलेल्या बदामांचे फोटो छापणार असाल तर सोबत वेळ आणि प्रकाश कुठल्या बाजूने होता एवढं त्यांच्याकडून लिहून घ्यावं. वस्तू हलवून, जुळवून काढलेल्या फोटोंना वेगळा रकाना द्यावा. तेही छानच असतात, पण तो निराळा खेळ आहे.

आपले,
चित्रकला व हस्तकलेचे काही शिक्षक